पडद्यावरचा चेंडू आणि सदऱ्याचं बटण

वाचकाचं पत्र:

«माझ्या वडिलांना पाच महिन्यांपूर्वी पॅरॅलिसिसचा झटका आला. वय ६४. उजवी बाजू गेली होती. पाय बऱ्यापैकी सावरला, आता काठी घेऊन घरात फिरतात. हात मात्र अडून बसला आहे. खांद्यातून थोडा उचलतात, कोपर वाकवतात, मूठ वळते पण उघडताना त्रास होतो. फिजिओ आठवड्यातून तीन दिवस घरी येतात. बाकीच्या दिवशी बाबा सांगितलेला व्यायाम दहा वेळा करतात आणि ‘पुरे’ म्हणून बसतात. गेल्या महिन्यात माझ्या मुलानं त्याचा व्हिडिओ गेम लावून दिला. हात हलवून पडद्यावरचे चेंडू परतवायचे असतात. बाबा पाऊण तास खेळले, तेही उजव्या हातानं! आईला रडूच आलं. पण भाऊ म्हणतो, खेळून लकवा बरा होत असता तर डॉक्टर कशाला हवे होते? त्यातच खास पॅरॅलिसिसच्या रुग्णांसाठी केलेल्या गेमची जाहिरात पाहिली, ‘संशोधनानं सिद्ध’ असं लिहिलेली. फिजिओ बंद करून ते घ्यावं का? आणि आणखी एक. परवा पाहुणे आले तेव्हा बाबांनी गेम बंद करायला लावला. ‘मी काय लहान मूल आहे?’ म्हणाले. रोज सकाळी आई त्यांच्या सदऱ्याची बटणं लावते, तेव्हा ते भिंतीकडे बघत उभे असतात. मला ते बघवत नाही. काय करू?»

ताई,

तुमच्या पत्रातल्या दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबले. व्यायाम सांगितला की दहा वेळा. गेम लावला की पाऊण तास. आईंना रडू आलं ते उगाच नाही. त्यांनी त्या दिवशी जे पाहिलं, त्याच्याच मागे कितीतरी संशोधक अनेक वर्षं लागलेले आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पॅरॅलिसिस झालेल्या माणसांच्या हातापायांवर काम करण्यातच माझी बहुतेक वर्षं गेली. म्हणून आधी थेट उत्तर देते. फिजिओ बंद करू नका. गेमही बंद करू नका. जाहिरातीतलं आत्ता काही घेऊ नका. आता कारणं सांगते, जरा सविस्तर, कारण हे तुमच्या भावानंही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

२००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ बाजारात आला. रिमोटसारखी कांडी हातात धरायची, हात फिरवला की पडद्यावरचा खेळाडू रॅकेट फिरवतो. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी ते पाहिलं आणि मनात आलं, ज्या हालचालीसाठी आपण रुग्णांच्या विनवण्या करतो ती इथे माणसं हौसेनं करताहेत. कॅनडात टोरांटोचे मेंदूविकारतज्ज्ञ गुस्ताव्हो सापोस्निक यांनी २२ रुग्णांची एक छोटी चाचणी घेतली. काहींना वी दिला, काहींना पत्ते, जेंगा (ठोकळ्यांच्या मनोऱ्याचा खेळ) असले बैठे खेळ. २०१० मध्ये निकाल छापून आला. वी खेळणाऱ्यांचा हात जास्त सुधारला होता. आम्ही सगळेच हरखून गेलो.

पण सापोस्निक तिथे थांबले नाहीत. आपल्याच हाती आलेला गोड निकाल पुन्हा तपासायला घेणं सोपं नसतं, म्हणून त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. या वेळी कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड या चार देशांतली १४ केंद्रं होती आणि १४१ रुग्ण, सगळे झटका येऊन तीन महिने न झालेले. नेहमीची थेरपी प्रत्येकाला चालूच होती. तिच्या जोडीला दोन आठवड्यांत दहा वेळा, एकेक तास, एका गटाला वी आणि दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडूचा खेळ. हात किती सुधारला हे ठरवताना पडद्यावरचे गुण धरलेच नाहीत. डबा उचलणं, पेन्सिल उचलणं, कुलपात किल्ली फिरवणं, टॉवेलची घडी घालणं, असल्या कामांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. दोन्ही गट सुधारले, आणि जवळजवळ सारखेच सुधारले.

तुमचा भाऊ म्हणेल, बघ, मी सांगत होतो. पण मला यातून वेगळंच दिसतं. पत्ते पिसून, ठोकळे रचूनही हात तेवढाच सावरला, म्हणजे गुण पडद्याचा नव्हता. दोन्हीकडे माणूस तासभर मन लावून हात वापरत होता, गुण त्याचा असणार.

याला दुजोरा देणारं काम आणखी एक. ऑस्ट्रेलियातल्या केट लेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेसाठी अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २४७० रुग्ण होते. नेहमीच्या थेरपीऐवजी गेम दिला तर हाताच्या सुधारणेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नेहमीची थेरपी चालू ठेवून तिच्या जोडीला गेमचा वेळ वाढवून दिला तर फायदा दिसला. चाचण्या लहान होत्या, पुरावा अजून कच्चा आहे, हे त्यांनी स्वतःच म्हटलं आहे. तरीही ‘ऐवजी’ आणि ‘जोडीला’ या दोन शब्दांत तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. बाबांचा पाऊण तास फिजिओच्या तासाच्या जोडीला आहे, तोपर्यंत तो सोन्यासारखा आहे. तो फिजिओच्या जागी आला की त्याची किंमत गेली.

आता त्या ‘दहा वेळा’कडे वळते, कारण खरी अडचण तिथे आहे. लहानपणी आपण ‘अ’ गिरवला तो एका दिवसात शंभरदा गिरवला, तेव्हा कुठे हातात बसला. झटक्यानंतर मेंदूचं तसंच होतं. जो भाग गेला तो गेला, पण आजूबाजूचा शिल्लक भाग ते काम नव्यानं शिकू शकतो. मात्र त्यासाठी गिरवावं लागतं. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांमुळे हे कळलं, त्यांत माकडं अधू झालेल्या हातानं छोट्या खळग्यातून खाण्याचे कण दिवसाला शेकडो वेळा काढत होती. आणि माणसांचं काय? अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनर्वसन केंद्रांत थेरपी चालू असताना बाजूला बसून रुग्णांच्या हालचाली मोजल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा वाचून आमच्यातल्या अनेकांना खाली बघावं लागलं. एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२. शेकडो हव्यात आणि होतात बत्तीस. त्यामुळे बाबा दहावर थांबतात म्हणून त्यांना आळशी समजू नका. रिकाम्या हवेत तीच हालचाल अकराव्यांदा करायला कारणच उरत नाही. चेंडू अंगावर आला की कारण मिळतं. गेमचं सगळं मोल मला या एका गोष्टीत दिसतं.

पण गेमला एक मोठा दोष आहे आणि तो पडद्याकडे बघून कळत नाही. चेंडू परतला की नाही, एवढंच त्याला समजतं. तो कसा परतवला याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

उद्या बाबा खेळायला बसले की तुम्ही पडद्याकडे पाठ करा आणि फक्त त्यांच्याकडे बघा. बहुधा असं दिसेल: चेंडू आला की उजवा खांदा कानाकडे चढतो. कोपर अंगापासून लांब, पंखासारखं वर जातं. पाठ खुर्ची सोडून पुढे येते आणि अख्खं धड वळतं. हात मात्र कोपरात तसाच वाकलेला, धडाबरोबर ओढला जातो. पडद्यावर पूर्ण गुण, आणि ज्या कोपरानं सरळ व्हायला हवं होतं त्यानं काहीच केलेलं नाही. आम्ही याला भरपाईची हालचाल म्हणतो. माँट्रियलच्या मिंडी लेव्हिन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. धड खुर्चीला पट्ट्यानं धरून ठेवलं की रुग्णाचं कोपर जास्त उघडतं, असं त्यांच्या गटानं दाखवलं. पट्टा वगैरे तुम्ही बांधू नका. घरी मी एक साधा उपाय सांगते. हात असलेल्या भक्कम खुर्चीत बसवायचं आणि पाठ व खुर्चीच्या मध्ये घडी केलेला टॉवेल ठेवायचा. टॉवेल खाली पडला की समजायचं, तो चेंडू हातानं नाही, पाठीनं मारला. मग खेळ थांबवायचा, गेमची पातळी उतरवायची, पुन्हा सुरू करायचं. बोटांकडेही लक्ष असू द्या. ईर्षेला पेटले की मूठ घट्ट आवळली जाते. खेळ संपल्यावर मूठ आधीपेक्षा अवघड उघडत असेल तर बैठक लांबली असं समजा.

माझी एक चूक सांगते, म्हणजे मी पाऊण तासाला का घाबरते ते कळेल. मी तेव्हा ज्या रुग्णालयात काम करत होते तिथे गेमचा संच नवा आला होता. एका गृहस्थांना टेनिसचा खेळ लावून दिला. रंगात आले होते, छान चाललं होतं, म्हणून मी दुसऱ्या रुग्णाकडे गेले. अर्ध्या तासानं परतले तर घामाघूम, पण चेहरा खुललेला. दोन दिवसांनी खांदा इतका ठणकायला लागला की त्यांना झोप लागेना. पुढे तीन आठवडे आम्ही फक्त तो खांदा शांत करण्यात घालवले. पॅरॅलिसिसनंतर खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा नीट धरलेला नसतो, त्यावर झटके बसले की हे होतं. धडधाकट माणसांचंही होतं. २००७ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका निरोगी डॉक्टरची हकिगत आली होती. वीवर कित्येक तास टेनिस खेळून त्याचा खांदा दुखावला, आणि त्या दुखण्याला ‘वी-आयटिस’ असं नावही मिळालं. तेव्हा सलग पाऊण तास नको. पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, मध्ये भरपूर विश्रांती. खांदा दुखला की त्या दिवसापुरतं बंद, आणि फिजिओंना कळवायचं.

बसूनच खेळू द्या, उभ्यानं सध्या नको. झटक्यानंतर कधी फिट आली असेल तर लखलखणारे गेम लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि उजवीकडून येणारे चेंडूच सतत सुटत असतील तर ती हाताची नाही, नजरेची अडचण असू शकते. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

जाहिरातीबद्दल. ‘संशोधनानं सिद्ध’ हे वाक्य मी खोटं म्हणणार नाही, पण ते अर्धं आहे. कशाच्या तुलनेत सिद्ध, थेरपीऐवजी की थेरपीच्या जोडीला, कोणत्या रुग्णांत, आणि मोजलं काय, हे विचारल्याशिवाय ते पुरं होत नाही. एक उदाहरण देते. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी, म्हणजे एफडीएनं, पहिल्यांदाच एका व्हिडिओ गेमला डॉक्टरांनी लिहून द्यायचा उपचार म्हणून परवानगी दिली. गेमचं नाव एन्डेव्हर-आरएक्स, आणि तो ८ ते १२ वर्षांच्या, लक्ष टिकत नसलेल्या एडीएचडीच्या मुलांसाठी होता. मागे ३४८ मुलांची चाचणी होती. संगणकावरच्या लक्ष-चाचणीत गेम खेळणारी मुलं पुढे गेली. पण घरी पालकांना जी लक्षणं दिसत होती ती दोन्ही गटांत सारखीच कमी झाली, तुलनेसाठी दुसराच गेम खेळलेल्या मुलांतही. म्हणजे संगणकावर मोजलं तर एक दिसलं आणि घरात मोजलं तर दुसरं. आणि परवानगी त्या एका गेमला, त्या एका आजाराला, त्या वयाला होती. ती बाकीच्या सगळ्या गेमना आपोआप लागू होत नाही.

तुमच्या बाबांच्या परिस्थितीला सर्वांत जवळचं संशोधन माझ्या मते अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ स्टीव्हन क्रेमर यांचं, २०१९ मधलं. त्यात झटका येऊन चार ते छत्तीस आठवडे झालेले १२४ रुग्ण होते, म्हणजे बाबा त्याच टप्प्यात आहेत. निम्म्यांनी थेरपिस्टच्या देखरेखीखालची सत्रं केंद्रात जाऊन केली. निम्म्यांनी घरीच, संगणकासमोर, व्यायाम आणि गेम मिळून. दोघांनाही ३६ सत्रं, प्रत्येक सत्र ७० मिनिटांचं. घरी करणारे मागे पडले नाहीत. मात्र त्यांच्या ३६ पैकी १८ सत्रांत थेरपिस्ट व्हिडिओवर समोर हजर होते आणि पुढचे खेळ कोणते हे तेच ठरवत होते. तेव्हा जाहिरातवाल्यांना एकच विचारा: तुमच्या गेमच्या पलीकडे थेरपिस्ट बसलेला आहे का, की नुसता संच घरी येणार? नुसता संच तर तुमच्या मुलाकडे आहेच. शिवाय यंत्रं येतात आणि जातात. शरीराच्या हालचाली टिपणारा मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट कॅमेरा २०१० मध्ये आला, त्यावर पुनर्वसनाचे ढीगभर प्रयोग झाले, आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं. यंत्राच्या नावावर फार विसंबू नका.

तुमच्याकडे थेरपिस्ट आहेत. पुढच्या वेळी ते आले की व्यायामाआधी दहा मिनिटं बाबांना त्यांच्यासमोर खेळू द्या. खूपजण हे फिजिओंपासून लपवतात, रागावतील म्हणून. लपवू नका. कोणता खेळ, किती वेळ, हात कुठपर्यंत, हे त्यांना ठरवू द्या. कोपर सरळ करायला लावणारा आणि मूठ उघडायला लावणारा खेळ कोणता, हे त्यांना एका नजरेत कळेल.

आता ‘मी काय लहान मूल आहे?’ याबद्दल. हे मी शेवटी लिहिते आहे, पण मनात पहिल्यापासून तेच आहे.

बाबा बरोबर आहेत. चौसष्ट वर्षांच्या माणसाला टाळ्या वाजवून ‘वा, वा, आणखी एक!’ म्हटलं की त्याला काय वाटेल? खेळताना सगळं घर भोवती जमवू नका. दार लोटून घ्या. पाहुण्यांना गंमत म्हणून दाखवू नका. आणि वर मी लिहिलेलं सगळं, माकडांचे शेकडो कण, ते बत्तीस, १४१ रुग्ण, बाबांना वाचून दाखवा. आपण काय करतो आहोत आणि का करतो आहोत हे ज्याला कळतं तो रुग्ण वेगळ्याच जिद्दीनं बसतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. एक वही करा. पडद्यावरचे गुण तिच्यात लिहू नका. पाठ टेकलेली ठेवून किती चेंडू मारले, तेवढंच लिहा. मोजायचं काम नातवाचं आणि लिहायचं बाबांचं, डाव्या हातानं का होईना. नातवाला एक सांगून ठेवा, आजोबांना मुद्दाम जिंकू द्यायचं नाही. त्यांना ते लगेच कळेल.

ते भिंतीकडे बघत उभे राहतात, त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. झटक्यानंतर साधारण तीनपैकी एका माणसाला नैराश्य येतं. त्यावर उपचार आहेत, आणि ते झाले की हाताचा व्यायामही पुढे सरकतो. ‘दहा वेळा करून पुरे’ यात त्याचाही वाटा असू शकेल.

आणि बटणासाठी गेमची वाट बघू नका. चेंडू परतवून बटण लागत नाही, बटण लावूनच लागतं. गेमची बैठक संपली, हात जरा मोकळा झाला, की पाच मिनिटं एक जुना सदरा टेबलावर पसरा, मोठ्या बटणांचा. आधी काढायला शिकवा, लावण्यापेक्षा काढणं सोपं जातं. उजव्या हातानं सदऱ्याची कड नुसती दाबून धरायची, बटण डाव्यानं काढायचं. उजव्या हाताची बोटं बटण पकडायला लागतील की नाही हे आज मी सांगू शकत नाही, त्याला महिने लागू शकतात. पण कड धरण्याचं काम त्या हाताला आजही जमेल, असं तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून वाटतं. मूठ वळते म्हणालात ना.

टेबलावर जमलं की अंगातल्या सदऱ्यावर. सगळ्यांत खालचं बटण पहिलं, कारण ते दिसतं आणि हात वर उचलावा लागत नाही. तेवढं एक बटण बाबांचं. बाकीची अजून आई लावतील. त्या सकाळी ते कुठे बघत होते, ते मला कळवा.